पितळेवरचं टिंब

माझा थोरला भाऊ पितळेवर नावं कोरायचा. गल्लीतली पोरं त्याला टकटककाका म्हणत. दारावरच्या पाट्या, शर्यतींचे कप, यंत्रांवरचे बिल्ले, सगळं तो खिडकीपाशी बसून करायचा. मांडीवर चामड्याचा तुकडा, डोळ्याला भिंग, आणि बोटांना पितळेचा तो वास, जो साबणानंही जात नसे. वहिनी म्हणायची, "यांच्या हातचं पाणी प्यायलं की नाणं चघळल्यासारखं वाटतं." मी काही लिहिणारा माणूस नाही. पण दादाबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कोणी दिसत नाही.

नळाच्या तोट्या ओतणारा एक कारखाना हे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथली भट्टी फुटून पाच कामगार गेले, तेव्हा फाटकाजवळच्या पाटीवर 'कर्तव्य बजावताना' असं लिहून त्यांची नावं दादानंच कोरली. पुढं त्यातल्या एकाच्या बायकोनं कारखान्यावर दावा लावला. भट्टीला तडे गेलेत हे नवऱ्यानं आधीच सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. कारखाना म्हणे, त्याच्याच चुकीनं भट्टी फुटली. आता ज्याला दोषी ठरवायचं, त्याचाच गौरव स्वतःच्या भिंतीवर कसा ठेवणार?

साहेबांनी दादाला बोलावलं. सोबतीला मी गेलो. साहेब बिस्किट चहात बुडवून चोखत होते. ओठांच्या कोपऱ्यात लगदा साचला होता. त्याच तोंडानं म्हणाले, "पुसायचं नाही हो काका, पुसणं वाईट दिसतं. तिसरं नाव फक्त एक्स्पंज करायचं. यंत्रांचे बिल्लेही तुम्हालाच द्यायचेत अजून." आणि बोटं पुसलेला कागद त्यांनी कपात कोंबला. चहात तो हळूहळू फुगत गेला.

घरी दादानं विचारलं, "आयुष्यभर वाचनालयात बसलास ना? काय असतो हा शब्द?"

मी शब्दकोश काढला. अर्थ होता, नोंदीतून कायमचं काढून टाकणं. सभागृहात कोणी भलतंसलतं बोललं की अध्यक्ष ते कामकाजातून वगळायला सांगतात, तेव्हा हाच शब्द वापरतात. मूळ लॅटिन. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'पुंगेरे' म्हणजे टोचणं. यादीतला माणूस कमी करायचा, तर त्याच्या नावाला टोचून टिंबं देत. ओल्या स्पंजाशी मुळात काही संबंध नाही, पण ऐकताना तसंच वाटतं. म्हणूनच साहेबलोकांना तो आवडत असावा.

"म्हणजे माझंच काम की," दादा म्हणाला. कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. बोथट पोगर, म्हणजे ठोकायचा पोलादी खिळा, धरून त्याच्या कडांवर टिंबाशेजारी टिंब ठोकत जायचं. पितळ दबतं, खाच बुजते.

"टोचायचंच तर त्या साहेबाला टोचा," वहिनी आतून म्हणाली. मग बाहेर आली. "पण बिल्ल्यांचं काम गेलं तर खायचं काय, तेही दोघा भावांनी शब्दकोशात बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी पाटी भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवली होती. साहेब बिस्किट चघळत शेजारी उभे. दादानं तिसऱ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर पोगर धरला आणि हातोडी मारली. एक टिंब उमटलं. दुसऱ्यांदा हात उचलला तो तसाच राहिला. मग तो उठून मोरीकडे धावला आणि भडाभडा ओकला.

तोंड धुऊन आला. "नाही जमत, साहेब. किळस येते."

"अहो काका, पितळ आहे ते. प्रेत नाही."

"प्रेत असतं तर तुम्ही एवढ्या जवळ उभे राहिला नसता."

आम्ही घरी आलो. बिल्ल्यांचं काम त्याच दिवशी बंद झालं. फाटकाजवळ प्लास्टिकची पाटी आली, चार नावांची.

जुनी पाटी कारखान्याच्या गोदामात पडली होती. ती त्या बाईच्या वकिलानं कोर्टात मागवून घेतली. दादाला साक्षीला बोलावलं. टिंब कसलं, कोणाच्या सांगण्यावरून, त्यानं सगळं सांगितलं. कारखान्याचा वकील ताडकन उठला, "हे विधान नोंदीतून एक्स्पंज करावं!"

दादा पटकन बोलून गेला, "करा. पण टिंब राहतं."

न्यायाधीशांनी त्याला गप्प बसवलं. विधान मात्र राहू दिलं. दावा ती बाई जिंकली.

परवा त्या फाटकावरून गेलो. प्लास्टिकच्या पाटीवर अजून चारच नावं आहेत. बाजूला झेंडूच्या रंगाचे दिवे सोडलेत, शोभेला. मी थुंकलो. या वयात रस्त्यावर थुंकणं बरं नाही, पण थुंकलो.

दादा हल्ली कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले कोरतो. वहिनी विचारते, "ही नावं तरी कोणी पुसायला सांगणार नाही ना?"

"छे," तो म्हणतो. "कुत्रं मेलं तर मालक रडतो."