खालून टाकलेला चेंडू

"देवानं हिला नुसती उंची दिली. नेम घराण्यात असावा लागतो."

हे आमच्या संघातल्या शर्वरीची आई बोलली. सातारच्या मैदानावर, कठड्याला टेकून, शाल सावरत. मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी फ्री थ्रोच्या रेघेवर उभी होते. हातात बास्केटबॉल. अडवायला कोणी नाही, ओढाताण नाही. सावकाश बघायचं आणि टाकायचं. माझा पहिला चेंडू रिंगच्या कडेवर आपटून परत आला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही. सामना आम्ही हरलो.

नंतर त्याच काकूंनी संघातल्या पोरींना स्ट्रॉबेरीच्या पेट्या वाटल्या. माझ्यापाशी आल्या आणि पेट्यांचा रिकामा खोका माझ्या हातात दिला. "हा बसमध्ये वरच्या फळीवर ठेव गं. तुझा हात पोचतो." मी ठेवला. पोरी खात होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. मागितली असती तर मिळाली असती कदाचित. पण मागायची का?

मी पलूसची. अब्बा गवंडी. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी. माझी उंची अशी वाढत गेली की गल्लीतली पोरं उंट म्हणायची. त्या उंचीवरच पाचगणीच्या एका मोठ्या शाळेनं मला खेळाच्या जागेवर घेतलं. शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. बदल्यात बास्केटबॉल खेळायचा, सेंटर म्हणून. सेंटर म्हणजे रिंगखाली पाय रोवून उभी राहणारी सगळ्यात उंच पोरगी. तिथं मला कोणी हलवू शकत नव्हतं. मग समोरच्या संघांनी युक्ती काढली. हिच्या हातात चेंडू आला की धरा, ढकला, फाउल करा. फ्री थ्रो हिला जमत नाही. आणि खरंच जमत नव्हता.

खेळाच्या सरांनी बोलावून सांगितलं, "यंदा हे सुधारलं नाही, तर पुढल्या वर्षी तुझी जागा राहणार नाही."

शर्वरी आमची कॅप्टन. सांगलीला त्यांचा बंगला, बंगल्यामागं सिमेंटचं मैदान, मैदानावर तिची एकटीची रिंग. गावाकडं नजर जाईल तिथवर ऊस. ती फ्री थ्रो टाकायची तेव्हा मी बघत बसायची. तिचं मनगट असं वळायचं की चेंडू जाळीत शिरताना नुसता सळ असा आवाज यायचा. मी त्या मनगटावर जळायची. तिला सुट्टीत शिकवायला पुण्याहून माणूस यायचा, त्याच्यावर जळायची. तिच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा जळायची. एकदा तिनं तिचे जुने बूट मला देऊ केले. माझ्या पायात शिरले नाहीत. ती हसली, चांगल्या मनानं हसली, आणि मला ती आणखीनच नकोशी झाली. मी नमाजात दुवा मागितलीय की हिचं मनगट मुरगळू दे. मागितली. लपवत नाही.

मी तिच्यासारखं टाकायला शिकत होते. कोपर आत, मनगट सैल, हात वर. माझ्या खांद्यात ते बसेचना. सर ओरडायचे, "अगं, दगड मारतेयस का?"

दिवाळीच्या सुट्टीत पलूसला आले. अब्बांनी एका घराचा वरचा मजला बांधायला घेतला होता. माणूस कमी होता, म्हणून मी विटा वर द्यायला गेले. लहानपणापासून देत आलेय. वीट दोन्ही हातांत धरायची, गुडघ्यात वाकायचं आणि खालून वर सोडायची. ती हवेत फिरता कामा नये. फिरली की वरच्याचं बोट ठेचलं. जिथं तिचा जोर संपतो तिथंच अब्बांचा हात असतो. वीट त्यांच्या हातात कशी जाते ते त्यांनाही कळत नाही, मलाही नाही. आम्ही गप्पा मारत देत असतो.

त्या दिवशी अशीच एक वीट वर गेली आणि मी खाली उभीच राहिले. वरून अब्बा म्हणाले, "काय झालं गं? दी की."

काम सुटल्यावर मी चेंडू घेऊन गावातल्या शाळेच्या मैदानात गेले. तिथं एक गंजकी रिंग आहे, जाळी नाही. दोन्ही हातांत चेंडू घेतला, गुडघ्यात वाकले, खालून सोडला. चेंडू रिंगच्या कडेला हलकेच टेकला आणि आत पडला. परत टाकला. पडला. अंधार पडेपर्यंत टाकत राहिले. अब्बा शोधत आले. सायकल धरून उभे.

"खालनं टाकलं की पडतंय, अब्बा."

"मग टाक की."

"लोकं हसत्यात."

"ईट टाकताना कवा कोन हसलंय व्हय तुला?"

पाचगणीला परत गेल्यावर मी सरांना करून दाखवलं. सगळा संघ बघत होता. चेंडू आत गेला तरी कुणाचं लक्ष तिकडं नव्हतंच. शर्वरीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "अगं, संडासला बसल्यासारखी दिसतेस." सगळ्या हसल्या. सरही ओठ दाबून हसले.

मी विचारलं, "नियमात बसतं का सर?"

"नियमात बसतं. पण शोभत नाही. आपल्या शाळेचं नाव आहे."

मी मान खाली घातली. पुन्हा कोपर आत, मनगट सैल. पुन्हा चुकू लागले. ज्या हातांनी अब्बांचं एक बोट कधी ठेचू दिलं नाही, ते हात मी पोरींच्या हसण्यापायी लपवले. त्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं मला.

मग सांगलीत सामना होता. शर्वरीचं अख्खं घर बघायला आलेलं, काका, मामा, आत्या. दोघी पोरी माझ्या अंगावर आल्या, मी पडले, फाउल. गुडघा सोललेला. रेघेवर उभी राहिले. शर्वरी जवळ येऊन कानात म्हणाली, "नीट टाक. घरचे बघतायत."

तिच्या घरचे. माझ्या घरचं कोणी नव्हतं तिथं. अब्बांचा तो कामाचा दिवस.

मी गुडघ्यात वाकले. कठड्यापासून हसू उठलं, पसरलं, शिट्ट्या झाल्या. खालून सोडला. आत. हसू थोडं कमी झालं. दुसरा सोडला. तोही आत. सरांनी लगेच हात वर केला आणि मला बाहेर काढलं. उरलेला सामना मी बाकावर बसून बघितला. माझ्याशिवाय संघ जिंकला. शर्वरीनं शेवटचा चेंडू टाकला आणि तोही सुंदरच होता.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी येऊन बसले. आवाज मऊ. "वरून टाकणार असशील तर तुझ्या जागेचं मी बघतो. शब्द दे."

"खालूनच टाकणार."

"जागा जाईल."

"जाऊ दे."

गेली. आता मी पलूसहून सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात येते-जाते आणि त्यांच्या संघात सेंटर खेळते. फी अब्बा भरतात, आणि ते मला रोज टोचतं. शर्वरीचा हेवा गेलेला नाही. गेलाय असं कुणाला सांगणारही नाही. ती सिमेंटचं मैदान घेऊन जन्मली. मी नाही. हे मी पोटातून काढून टाकणार नाही, त्याच्यावरच मी सकाळी उठते आणि खालून चेंडू टाकते. आमच्या संघातल्या पोरी पहिल्या दिवशी हसल्या. मी थांबले, त्यांचं हसून झालं, मग पुढचा टाकला.

या मोसमात ती शाळा आमच्यासमोर येणार आहे. शाळा बारावीपर्यंत, त्यामुळं शर्वरी अजून तिथंच आहे. तिच्या सरांना ती युक्ती माहीत आहे, मला धरा, पाडा, रेघेवर उभी करा. धरू देत. पाडू देत. तिच्या घरचे सगळे आले असतील तर आणखी बरं. मी सगळ्यांसमोर वाकणार आहे, आणि उठताना फळ्यावर गुण लागलेले असतील.