रेडिओचा बल्ब

न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा नवं होतं आणि बाबा पनवेलहून रोज स्वतः गाडी चालवत तिथे कामाला जात. गाडीतल्या रेडिओचे आकडे मंद दिसतात, अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. रेडिओच्या कारागिराने दोनदा आकड्यांमागचा बल्ब बदलला, तरी ती थांबेना. तिसऱ्या खेपेला मी त्याच्यावर खेकसलोच. त्याने नवा बल्ब बसवला आणि गाडीच्या काचांवर ताडपत्री ओढली. आत अंधार झाला तसे हिरवे आकडे लख्ख उजळले. मला ते मागच्या सीटवरूनही वाचता येत होते. बाबा डोळे बारीक करून, पार वाकून बघत राहिले. म्हणाले, "हाही मंदच आहे."

कारागीर माझ्याकडे बघेना. मला बाबांकडे गाडीची किल्ली मागवेना. थोड्या वेळाने बाबांनीच ती काढून माझ्या हातात दिली.