लिहिणाऱ्याला काय हवंय?

चारुलताताई शुक्रवारपर्यंत इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराख गावातल्या एका बेकरीत पाव विकतात आणि शनिवारी दहा ते बारा आमच्या मुलांना मराठी शिकवतात. सांगलीत त्या अकरा वर्षं शाळेत शिकवायच्या. नवऱ्याच्या, मोहनरावांच्या नोकरीपायी इथे आल्या आणि त्यांची बी.एड. इथे कुणी मानली नाही. त्याबद्दल त्या कधी कुरकुरत नाहीत. मला मात्र त्यांचा राग यायचा. श्लोक नाहीत, गाणी नाहीत, नुसते कागद वाचायला लावायच्या.

कागद म्हणजे कुठलेही. सुपरमार्केटचं पत्रक, शाळेची सूचना, आजीचा मेसेज. जर्मन असला तरी चालेल, चर्चा मराठीत. प्रत्येक कागदाला तेच तीन प्रश्न: कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, आणि वाचणाऱ्यानं काय करावं असं लिहिणाऱ्याला वाटतं? मुलं नऊ, वय अकरा ते तेरा. त्यांना मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते जर्मन.

एकदा मी माझ्या मुलीला, उर्जाला, घ्यायला लवकर पोचलो. फळ्यावर दोन कागद चिकटवलेले, दोन्ही एकाच इमारतीच्या तळघरातल्या सायकलींबद्दल. एक हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा: सायकली उचला, नाहीतर आम्ही उचलू. दुसरा एका शेजाऱ्याच्या हातचा, 'आपण सगळे समजूतदार आहोत' असा सुरू होणारा. दोघांना हवं तेच होतं, फक्त एक दरडावत होता आणि दुसरा लाडीगोडी लावत होता. हे मुलांनीच शोधून काढलं.

मग ताईंनी विहानच्या आजीचा मेसेज वाचला. 'इकडे सगळे मजेत. आंब्याला मोहोर आलाय. तुझा आवाज ऐकून महिना झाला.'

"आजीनं हे कशाला लिहिलं?"

"इन्फॉर्मात्सिओन," विहान म्हणाला. माहिती द्यायला.

"मग शेवटचं वाक्य?"

विहाननं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "इश सोल आनरूफेन." मी फोन करावा म्हणून.

ताईंनी त्याला तिथल्या तिथे फोन करायला बाहेर पाठवलं. मी घड्याळ बघत बसलो. इतका शहाणा होतो मी तेव्हा.

मी इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस, आणि हा वर्ग मंडळाच्याच खोलीत भरतो. लिहायची कामं माझ्याकडे, कारण माझं मराठी चांगलं आहे असा समज आहे आणि तो मीच पसरवलाय. यंदा गणपतीआधी अध्यक्ष यशवंतरावांनी मला बाजूला घेतलं.

"मयुरेश, कार्यक्रमाला आसपासच्या गावांतली धरून चारशे माणसं येतात, वर्गाला नऊ मुलं. शनिवारची खोली नाचाच्या तालमींना हवी. वर्ग बंद करू या, पण कुणाला टोचणार नाही असं लिही."

"म्हणजे मुलांच्या भल्यासाठी वगैरे?"

"गेनाऊ." अगदी तसंच.

मी लिहिलं. पालकांच्या ग्रुपवर: 'शाळेच्या अभ्यासाचा वाढता ताण लक्षात घेता, मुलांना शनिवारी विश्रांती मिळावी म्हणून वर्ग स्थगित करण्यात येत आहे.' नाचाच्या ग्रुपवर: 'आनंदाची बातमी! शनिवारी दहा ते बारा खोली मिळाली. सगळ्या मुलांनी तालमीला यायचंच.' साठ मराठी घरांच्या गावात ग्रुप कितीही केले तरी माणसं तीच, हे मला सुचलं नाही. माझी स्वतःची मुलगी वर्गातही होती आणि नाचातही. दोन्ही मेसेज माझ्याच बायकोच्या, ऋचाच्या फोनवर येऊन पडले.

शेवटच्या वर्गाला ताईंनी नेहमीसारखंच, एकाच विषयावरचे दोन कागद आणायला सांगितलं होतं. उर्जानं हेच दोन छापून नेले. ताईंनी ते वाचले. तो वर्ग गेला असता तर त्यांच्याकडे बेकरीच उरली असती. तरी त्या एवढंच म्हणाल्या, असं उर्जानं नंतर सांगितलं: "हे आपण इथे वाचायचं नाही. लिहिणाऱ्यासमोर वाचायचं."

रविवारी सर्वसाधारण सभा होती. वर्ग बंद करायच्या निर्णयावर शिक्का तिथेच बसायचा होता. तो विषय आला तशी उर्जा उठली. तिनं दोन्ही कागद एकामागून एक वाचून दाखवले आणि मग मराठीत बोलू लागली. चारचौघांत मराठी बोलताना तिला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दोन्ही एकाच माणसानं लिहिलं. वेळ पण एकच, शनिवार दहा ते बारा. पहिल्या कागदात मुलं दमलीत. दुसऱ्यात तीच मुलं नाचायला यायचंच. आल्झो... म्हणजे, लिहिणाऱ्याला आमची विश्रांती नकोय. खोली हवीय. मग तसं लिहायचं ना. आम्ही विचार केला असता."

सभागृहात कुणीतरी हसलं. यशवंतरावांनी विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

"ताईंनी. शनिवारी. दहा ते बारा."

"आणि लिहिलं कोणी?" मागून एका आईनं विचारलं.

मी उभा राहिलो. "मी लिहिलं." कान तापले होते, आणि खरं सांगतो, त्याच वेळी पोरीचा इतका अभिमान वाटत होता की खाली बसायचंच विसरलो. मतदान झालं. वर्ग चालू ठेवायच्या बाजूनं पहिला हात यशवंतरावांचा वर गेला, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. विरोधात एकही नव्हता. नाचाच्या तालमी शुक्रवारी संध्याकाळी गेल्या. पुढच्या शनिवारी वर्गात सतरा मुलं होती आणि शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या.

सभा संपल्यावर ताई माझ्याकडे आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "मयुरेश, नवी सूचना तुम्हीच लिहा. एकच. दोन्ही ग्रुपना."

घरी येऊन लिहिली. चार ओळींना तासभर लागला. पाठवण्याआधी फोन उर्जासमोर धरला. तिनं दोनदा वाचलं.

"कोणी लिहिलं?" मीच विचारलं.

"बाबानं."

"कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"आणि लिहिणाऱ्याला काय हवंय?"

"वर्ग हवाय," उर्जा म्हणाली. "पाठव."