कागदावरचा फवारा

आमच्या नगरपालिकेचे व्हॉल्व्हमामा मुख्याधिकारी साहेबांपुढे उभे राहिले की आधी त्यांच्या अंगावरून पाणी ठिबकायचं, मग ते बोलायचे. चैत्र-वैशाखात त्यांचा सदरा वाळलेला मी कधी पाहिला नाही. नेमणूक फक्त नळाला पाणी सोडण्याची. पण कचेरीसमोरच्या चौकातल्या गोल हौदात उतरून ते रोज उंच पाणी उडवणाऱ्या तोटीतला कचरा काढायचे. "उनात गाव करपायलंय बाई, आन् मी कोरडा फिरू?" असं मलाच ऐकवायचे. मी कचेरीत आवक-जावक कारकून होते.

त्या उडत्या पाण्याला गावात सगळे फवाराच म्हणत, मामाही. पितळी तोटी त्यांनी स्वतः घासूनपुसून बसवलेली. वारा सुटला की शिंतोडे कापडाच्या दुकानापर्यंत जायचे. दुकानदार कुरकुरला की मामा म्हणायचे, "शेठ, फुकटात थंड करायलोय तुमाला, उलटं चहा पाजा."

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, ते दिवस. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला येणाऱ्या भीमनगरच्या बाया दुपारी हौदाच्या कठड्यावर बसून भाकरी खायच्या, त्याच पाण्याचा तोंडावर हबका मारायच्या. वर्षानुवर्षं बसत होत्या. त्या उन्हाळ्यात मात्र ते काही प्रतिष्ठितांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. अर्ज आला: गर्दीमुळे शांतता बिघडेल. साहेबांनी मला आदेश लिहायला सांगितला आणि मी मुकाट्यानं लिहिला, 'चौकातील फवारा पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवावा.' त्याची लाज मला आजही वाटते.

मामांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि ते सरळ डासांचं औषध मारणाऱ्या माणसांकडे गेले. आदेश दाखवून चौकातली औषधफवारणी बंद करवली. पाणी उडतच राहिलं. पंधरा दिवसांनी साहेबांनी त्यांना बोलावलं.

"आदेश कळत नाही का तुम्हाला?"

"कळला की साहेब. फवारा बंद केला. मच्छर लय झालेत आता."

"अहो, मी पाण्याचा म्हणतोय!"

"त्येला तर कारंजं म्हन्त्यात," मामा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "फवारा औषधाचा असतो. बाईंनी बराबर लिव्हलंय."

साहेब माझ्याकडे वळले. नवा आदेश लिहा म्हणाले. मी पेन उचललं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कारण काय लिहू साहेब? तिथं कोण बसतं, ते लिहू?"

नोकरीत मी कधी उलट बोलले नव्हते. साहेबांचा चेहरा लाल झाला. शेवटी तो आदेश त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. तोटी काढून नेली, मामांची रवानगी नदीकाठच्या पंपावर झाली आणि माझं टेबल मागच्या खोलीत गेलं.

आता मामा नाहीत, हौदही बुजवला. पण त्यांच्याविषयी सांगायचं म्हटलं की मला त्यानंतरच्या बाजाराच्या दिवसाचंच सांगावंसं वाटतं. मामा रजा टाकून आले होते, सायकलला दोन घागरी बांधून. घागरी कोरड्या हौदाच्या कठड्यावर ठेवल्या आणि लांब उभ्या असलेल्या बायांना त्यांनी हाक मारली, "या गं मायांनो. तोटी नेली, कठडा न्हाई नेला कुनी!" बाया जरा घुटमळल्या, मग येऊन बसल्या. मामा त्यांच्यात बसले आणि त्यांनी बायांकडूनच अर्धी भाकरी मागून घेतली.

मी कचेरीच्या पायरीवरून बघत होते. मी वरच्या जातीतली, मास्तरांच्या घरातली. रोज त्या चौकातून जायचे, पण त्या कठड्यावर कधी टेकले नव्हते. मामांनी मला पाहिलं, पण बोलावलं नाही. मी आत जाऊन डबा घेतला, चौक ओलांडला आणि बायांच्या मध्ये जागा करून बसले. समोर खिडकीत साहेब उभे होते. त्यांच्याकडे बघत मी डबा उघडला.