बरणीतली घट

माझे किडे मरायचे थांबले होते, आणि मी आनंदात होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पुण्याच्या एका सरांकडं पीएच.डी. करत होते. विषय ज्वारीतला सोंडकिडा. त्याच्या शरीरात जिवाणू राहतात आणि त्याला कठीण, काळं कवच बनवायला मदत करतात. दमट उष्णतेत वाढवला, की जिवाणू मरतात, किडा जगतो. पण तांबूस, मऊ आणि सुस्त राहतो. असा किडा लवकर म्हातारा होतो का, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी बरण्यांतले जिवंत किडे रोज मोजायचे. एक दिवसही चुकवून चालायचं नाही.

इंदापूरच्या घरमालकिणीनं किडकी ज्वारी पाहिली आणि मला बरण्यांसकट बाहेर काढायची तयारी केली. म्हणून बरण्या बारामतीजवळच्या कन्हेरीला, आमच्या घरी गेल्या. शनिवार-रविवार मी घरी असायची. बाकीचे पाच दिवस आबा मोजायचे. आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात काढून निवृत्त झालेले. आकड्यांच्या बाबतीत त्यांच्याइतका विश्वासाचा माणूस मला दुसरा माहीत नव्हता.

तीन महिन्यांत जिवाणूवाले किडे निम्मे मेले, तांबूस मात्र जवळजवळ सगळे जिवंत. म्हणजे जिवाणू गेले की म्हातारपण लांबतं! मी हुरळून गेले. सरांना फोन केला. त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या परिषदेत माझा निबंध घालूनही टाकला.

शनिवारी आलेख काढायला वही घेऊन बसले. बोटानं एकेक आकडा वाचत गेले आणि बोट थांबलं. तांबूस किडे मेले होते ते फक्त शनिवारी आणि रविवारी. सोमवार ते शुक्रवार एकही नाही. तीन महिन्यांत एकही नाही.

बरणी पांढऱ्या कागदावर ओतली, भिंग घेतलं. आजवर मोजताना मी रंग कधी निरखला नव्हता. तांबूस किड्यांत अकरा काळेकुट्ट निघाले, कठीण कवचाचे. बिनजिवाणूंचा किडा इतका काळा होऊच शकत नाही.

आबा ओसरीवर सुपारी कातरत होते. मी विचारलं, "आबा, बरणीत बाहेरचे किडे घातलेत?"

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "काळं किडं काय, कोठीत ढिगानं हाईत, मेलं तसं लिवलं; पर तुजं तांबडं माज्याकडं असताना जेवढं मेलं, तेवढं कोठीतल्या ज्वारीतलं भरून दिलं. तांबडं बघून, निवडून. घट कशी येऊ दिऊ?"

कोठीत नुकतेच बाहेर पडलेले किडे तांबूसच असतात, काळे होतात नंतर. माणसानं रंगसुद्धा जुळवला होता.

"कधी किती मरतात, तेच तर बघायचं होतं!" मी ओरडले.

"तू इस्वासानं दिल्तंस. लेकीचं जित्राब माज्या हातात मरतंय, ह्ये कसं लिवू?"

"तुमच्या हातात वही दिली, हीच माझी चूक." हे मी काट्यावर जन्म घालवलेल्या माणसाला बोलले. आबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि ते उठून रानात गेले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी बारामतीच्या एसटी स्टँडजवळच्या बूथवरून सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निबंध काढून घेतो. पहिल्यापासून सुरू करा. तुमच्या हातात एकच वर्ष आहे, आता चूक परवडणार नाही."

नवे किडे वाढवले, नव्या बरण्या भरल्या. पण मोजणार कोण? घरात दुसरं कुणी नव्हतं. मी नवी वही आबांपुढं ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. मी माफी न मागताच एसटी पकडली, आणि इंदापूर येईपर्यंत मला तेवढंच टोचत राहिलं.

पहिले आठवडे कुणी मरणार नव्हतंच. किडे म्हातारे व्हायच्या सुमाराला एका शनिवारी घरी आले, पिशवीसुद्धा खाली न ठेवता वही उघडली. बुधवारच्या पानावर काट्याच्या पावतीवर असायचं तसलंच टपोरं अक्षर होतं : "चार मेले. मी काहीही केले नाही."

गुरुवारी दोन मेले होते. खाली पुन्हा तेच वाक्य, आणि त्याखाली आबांची पूर्ण सही.