बाजूने ढकलून पाहणारे नाना

नाना रागावलेले नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. मात्र त्यांचा राग वस्तूंवर असे: सैल बिजागरीवर, झिजलेल्या बुशवर, पहिल्याच आठवड्यात वाकणाऱ्या चमच्यावर. एकाच माणसावर रागावलेले मी त्यांना पाहिले, आणि तो माणूस मी होतो.

नाना गेल्याची बातमी कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा खाली लिहिले होते, ‘हसतमुख, मनमिळाऊ सहकारी हरपला.’ लिहिणारे आमचे प्लांटप्रमुख. मी ते वाक्य तीनदा वाचले. मी हळू बोलणारा मनुष्य आहे. माझ्या मऊ आवाजाचे कौतुक मी आयुष्यभर ऐकत आलो. या मऊ आवाजाने मी नानांचे काय केले, हे त्या ग्रुपातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून हे लिहीत आहे.

चाकणला आमच्या कारखान्यात मोटारींच्या ब्रेकची पेडले तयार होतात. नाना ती तपासण्याच्या यंत्रावर होते. यंत्राचे काम साधे. हवेच्या दाबाचा एक दांडा पेडल दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो; वर बसवलेला काउंटर मोजतो. दहा लाख वेळा दाबून जे टिकेल ते पास. त्यामुळे नानांच्या पाठीमागे त्यांना सगळे ‘दहालाखे’ म्हणत. ते त्यांना माहीत होते. कॅन्टीनमध्ये नव्या खुर्च्या आल्या आणि कोणी म्हणाले, “नाना, मस्त आहेत ना?” की नाना खुर्चीकडे शत्रूकडे पाहावे तसे पाहत. “आज मस्त हाय. दहा लाखाव्या दिशी इचारा.”

पेडल हातात आले की आम्ही सगळे ते समोरून दाबून पाहत असू. पेडल दाबण्यासाठीच तर असते. नाना कधीच समोरून दाबत नसत. ते अंगठ्याने त्याला बाजूला ढकलत, डावीकडे, उजवीकडे, आणि डोळे मिटून घेत. “समोरनं समदीच चांगली दिसत्यात, साहेब,” ते म्हणत. “बाजूनं ढकला. खोटं असलं तर तिथं हलतं.” बुश, म्हणजे पेडलच्या खिळीभोवतीची नळी, झिजू लागली की पेडल आधी बाजूला हलू लागते, ही गोष्ट पुस्तकात मीही वाचली होती. नानांच्या अंगठ्याला ती माहीत होती. नट आवळल्यावर ते पिवळ्या पेंटमार्करने नटापासून पट्टीपर्यंत एक सलग रेघ ओढत. नट केसभर फिरला तरी रेघ तुटायची. दुसऱ्या कोणी आवळलेल्या नटावर त्यांनी कधी रेघ ओढली नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा गुणवत्ता विभागाचा मॅनेजर होतो. एका नव्या पेडलची चाचणी चालू होती आणि माल नेणारा ट्रक गेटवर उभा होता. अहवालाशिवाय माल सुटणार नव्हता. काउंटर सहा लाख चाळीस हजारांवर होता. प्लांटप्रमुख तेव्हाही हेच होते; ‘अहवाल आजच द्या’ असा त्यांचा फोन आला, मी ‘हो सर’ म्हणालो आणि नानांकडे गेलो.

“नाना, आता अहवालात दहा लाख लिहू. उरलेली चाचणी मागाहून पूर्ण करून घेऊ. नमुना तर ठीक दिसतो आहे.”

त्यांनी यंत्र थांबवले. माझा हात धरला आणि माझा अंगठा पेडलच्या कडेला टेकवला. “ढकला.”

मी ढकलले. पेडल हलले. फार नाही; पण हलले.

“हललं का न्हाई?”

“नाना, मर्यादेच्या आत आहे.”

“आत्ता आत हाय. अजून साडेतीन लाखाला कुठं जाईल?” त्यांचा आवाज चढला. आजूबाजूची यंत्रे चालू असूनही माणसे वळून पाहू लागली. “साहेब, ह्या लॉटची गाडी तुमी घ्या. बायकोला बसवा, पोरीला बसवा, खंबाटकीचा घाट उतरा. मग या. मी डोळं झाकून सही करतो.”

मी आवाज चढवला नाही. मी म्हणालो, “नाना, तुम्ही शांत व्हा.” आज मला या चार शब्दांची सर्वांत अधिक लाज वाटते. खोटे मी बोलत होतो आणि शांत त्यांनी व्हायचे होते.

त्या अहवालावर चाचणी घेणाऱ्याच्या जागी मी सही केली. ट्रक गेला. उरलेली चाचणी मागाहून कोणी पूर्ण केली नाही. यंत्रावर दुसऱ्या दिवशी दुसरे पेडल चढले. पुढच्या महिन्यात ‘कामाच्या निकडीनुसार’ नानांची बदली डिस्पॅचला झाली. ते पत्रही माझ्याच सहीचे. ज्या अंगठ्याला पोलादाची नियत कळत होती, त्याला आम्ही खोक्यांवर चिकटपट्टी लावायला बसवले. दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले नाहीत. मीही बाहेर गेलो नाही.

यानंतर नऊ वर्षे मी त्यांना भेटलो नाही आणि त्या नऊ वर्षांत मला बढती मिळाली. हे दोन्ही मी एकाच वाक्यात लिहिले आहे, कारण ते एकाच वाक्यात शोभते.

त्यांच्या दारात जाण्याचे धैर्य मला पश्चात्तापाने दिले असते, तर हे लिहिताना बरे वाटले असते. तसे झाले नाही. मला तिथे एका खेळाने नेले.

माझी मुलगी ऋता हिंजवडीला नोकरी करते आणि तिला मोटारशर्यतींचा नाद आहे. आमच्या सांगवीच्या घरात मागच्या खोलीत तिने लोखंडी सांगाडा उभारला आहे: त्यावर गाडीची सीट, स्टिअरिंग, समोर तीन पडदे, खाली पेडले. रोज संध्याकाळी ती तिथे बसून जगभरातल्या लोकांशी शर्यत लावते. तिची पेडले वर्षभरात बिघडली. ब्रेकला पाय नसतानाही पडद्यावर ब्रेक लागू लागला. ती वैतागून म्हणाली, “बाबा, आता एकदाच महागातली घेते, पण दहा वर्षं टिकली पाहिजेत. तुम्ही आयुष्यभर पेडलं बनवलीत. सांगा ना, कुठली घेऊ?”

मी तोंड उघडले आणि मला कळले की मला माहीत नाही. तीस वर्षांत मी पेडले बनवली नव्हती. मी कागद बनवले होते. ज्याला माहीत होते तो मनुष्य काळेवाडीत राहत होता.

नानांनी दार उघडले. ते वाळले होते. मी कारण सांगितले. ते आत वळून बायकोला म्हणाले, “अगं, साहेब आल्यात. खेळण्याचं पेडल टिकंल का, इचारायला आल्यात.” पुन्हा माझ्याकडे वळले. “खऱ्या गाडीच्या वेळी मी घसा फोडून सांगत हुतो. तवा ऐकू आलं न्हाई. आता खेळण्यापायी काळेवाडीपतूर आलात व्हय?”

 तरीही त्यांनी चपला घातल्या. “पोरीसाठी येतो. तुमच्यासाठी न्हाई.”

वाकडच्या दुकानात तीन जोड मांडले होते. पहिला चकचकीत, काळा, कडेला लाल पट्टी. विक्रेता त्याचे पाठ केलेले गुणगान करत होता. नानांनी अंगठा टेकवला आणि विचारले, “ह्येचा बुश सुटा मिळतो?”

“सर, बुश कशाला? वॉरंटीत पूर्ण युनिट बदलून मिळतं.”

“म्हंजे बोट मोडलं तर माणूस बदलायचा?”

विक्रेता हसला. नाना हसले नाहीत. दुसरा जोड तेलाच्या दाबावर चालणारा होता. नानांनी त्याचे सील कुठे मिळते ते विचारले. “सर, बाहेरून मागवावं लागेल, दोन-तीन महिने.”

“मंग तवर पोरीनं काय हातानं बिरेक लावायचा?”

ऋता खुदकन हसली. ती त्यांना मनापासून प्रश्न विचारू लागली आणि नाना तिला चिडून चिडून उत्तरे देऊ लागले. तिच्या जुन्या पेडलात पाय किती सरकला हे आतली पट्टी घासून मोजले जाई; घासणारे झिजणारच. चांगले पेडल पाय किती सरकला हे बघत नाही, किती जोर लावला ते मोजते. “पायाला अंतर कळत न्हाई, पोरी. जोर कळतो. डोळं मिटून पाय ठेव, तुला कळंल.”

तिसरा जोड कुरूप होता. आच्छादन नाही, रंग नाही, सगळे स्क्रू उघडे. सोबतच्या पुस्तिकेत एकेक नट किती आवळायचा ते छापलेले, आणि रबरी ठोकळ्यापासून बेअरिंगपर्यंत प्रत्येक भाग सुटा मिळणारा. नानांनी तो डावीकडे ढकलला. उजवीकडे ढकलला. डोळे मिटले. 

“ह्यो घे,” ते ऋताला म्हणाले. “ह्येनं सोताचं पोट उघडून दावलंय.”

घरी त्यांनी पेडले स्वतः बसवली. सांगाड्याची खालची पट्टी जोर लावल्यावर वाकत होती. ती पाहून ते इतके संतापले की माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “पेडल पोलादाचं आन् पाय पत्र्याचं! कुणी बनवलं ह्ये?” दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड पट्टी कापून आणली. प्रत्येक नट आवळला, खिशातून पिवळा मार्कर काढला आणि रेघा ओढल्या. ऋताने विचारले, “काका, ही नक्षी कसली?” ते म्हणाले, “रेघ तुटली तर मला फोन कर. बापाला दावू नको, त्यो म्हणंल मर्यादेच्या आत हाय.” ऋताने माझ्याकडे पाहिले. मी तिला तेव्हा काही सांगितले नाही. हेही लिहून ठेवतो.

त्यांना सोडायला खाली गेलो, तेव्हा पार्किंगमध्ये मी बोललो. म्हणालो, “नाना, मी चुकलो. मला क्षमा करा. सुदैवाने त्या लॉटमुळे पुढे काही झाले नाही, तरी...”

“झालं न्हाई, का तुमाला कळलं न्हाई?”

“कळले नाही,” मी म्हणालो.

“त्यात लई फरक हाय, साहेब. मी पेपरात अपघात वाचला की गाडीचा नंबर बगत न्हाई, मॉडेल बगतो. अकरा वरसं.” त्यांचा आवाज त्या दिवशी कारखान्यात चढला होता तसाच चढला. “आन् तुमी एकदा चुकलो म्हणता. एकदा दाबून पेडल पास हुतं का? माझ्याकडं माफी मागू नका. पुन्ना तसला कागद म्होरं आला की पेन खाली ठेवा. मंग सांगा.”

कागद पाच महिन्यांनी आला. डेव्हिएशन म्हणतात त्याला: माल ठरल्याबरहुकूम नाही, पण या लॉटपुरता चालवून घ्यावा. माझ्या सहीशिवाय सुटणार नव्हता. मी आयुष्यात असे किती कागद सोडले, मोजलेले नाहीत. मी उठून शॉपफ्लोअरवर गेलो, खोक्यातून एक पेडल काढले आणि बाजूने ढकलले; ते हलले. मग केबिनमध्ये येऊन पेन खाली ठेवले. प्लांटप्रमुख आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “राव, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. कशाला हा ताप?” मी ‘नाही’ म्हणालो. माझा आवाज नेहमीसारखाच मऊ निघाला, याचे मला वाईट वाटले.

जेवणाच्या सुट्टीत मी नानांना फोन केला आणि झालेले सांगितले. 

“एक झालं,” नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. ऋता माझ्यासोबत काळेवाडीला आली होती. परतताना मी तिला अहवालाची सगळी हकीकत सांगितली.  घरी आल्यावर ती मागच्या खोलीत गेली, पेडलांपाशी खाली बसली आणि टॉर्च लावून एकेक पिवळी रेघ पाहत राहिली. सगळ्या सलग होत्या.

ग्रुपवरच्या त्या ‘हसतमुख, मनमिळाऊ’च्या खाली मी काल लिहिले: ‘नाना मनमिळाऊ नव्हते. ते रागीट होते आणि त्यांचा राग खरा होता. सहा लाख चाळीस हजारांवर थांबवलेल्या चाचणीच्या दहा लाखांच्या अहवालावर सही करायला त्यांनी नकार दिला. त्यावरची सही माझी आहे. ती करायला मला कोणी सांगितले, हे ते स्वतः लिहितील अशी आशा आहे.’

हात जोडल्याची दोनच चित्रे आली. दोघेही निवृत्त झालेले. बाकी ग्रुप गप्प आहे.

हे दुसरे धरायचे का, हे सांगायला नाना नाहीत. मी धरलेले नाही. फोनवर चार ओळी लिहिणे म्हणजे समोरून दाबणे, आणि समोरून सगळेच चांगले दिसतात. उद्या दहा वाजता मला प्लांटप्रमुखांच्या केबिनमध्ये बोलावले आहे. तिथे मला बाजूने ढकलले जाईल. तोवर आकडा एकच आहे.