सरकत्या दारावरचे हात

आमची पहिली गाडी म्हणजे एक जुनी लाल व्हॅन. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होता आणि घरात आम्ही तिघंच, आम्ही दोघं आणि सासूबाई. एका एजंटाबरोबर जाऊन यांनी ती व्हॅन कुरुंदवाडहून आणली. विकणारा माणूस फारसा बोलला नाही म्हणे. किल्ली हातात दिली, पाठ फिरवली आणि घरात निघून गेला.

गाडी दारात आली तेव्हा मी पूजेचं ताट घेऊन बाहेर आले आणि मला ते हात दिसले. डाव्या बाजूच्या सरकत्या दारावर, कडीच्या जरा खाली, पांढऱ्या स्टिकरचे दोन तळहात. लहान मुलाचे. दुकानात मिळतात तसले छापील नव्हते. कुणीतरी खऱ्या हातावरून कापलेले असणार, कारण उजव्या हाताची करंगळी वाकडी होती.

"काढून टाकू उद्या," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, नखानं कडा उचलल्या आणि स्टिकर सोलून काढले. स्टिकर निघाले, पण हात गेले नाहीत. सगळी गाडी उन्हानं विटून गेली होती आणि स्टिकरखालचा रंग मात्र नव्या गाडीसारखा लालभडक राहिला होता. पांढऱ्या हातांच्या जागी आता लाल हात. यांनी पॉलिश मारून बघितलं, तर ते आणखीच उठून दिसायला लागले.

सासूबाई कट्ट्यावर बसून बघत होत्या. "काढाय नगं हुतं," त्या म्हणाल्या. "कुणाचं लेकरू हाय, आता हाय का न्हाय, आपल्याला काय ठावं?"

त्या बोलून आत गेल्या. माझ्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं. हाय का न्हाय.

पुढं एकदा एजंट घरी आला तेव्हा चहा देता देता मी विचारलं, "त्या गाडीवर लहान मुलाचे हात होते. ते मूल कोण?"

त्यानं बशीतला चहा संपवला. "वहिनी," तो म्हणाला, "जुन्या गाडीचं इंजिन इचारावं. बाकीचं कशाला इचारायचं?"

त्या उत्तरानं मी जास्तच घाबरले. मंडईला जाताना मी ते दार कडेला धरून उघडायची, हातांवर हात पडू नये म्हणून. दार रुळात मध्येच अडखळायचं, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. रंकाळ्यावर गाडी लावून हे शेंगा आणायला गेले की मी मागच्या सीटवर एकटीच असायची. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत, बाहेरून कुणीतरी दाराला टेकून उभं आहे असं वाटायचं. काचेतून बघितलं तर कुणी नसायचं. यांना मी काही सांगितलं नाही. पण हेही त्या बाजूनं गाडी पुसायचे तेव्हा घाईनं फडकं फिरवायचे, ते मी बघितलं होतं.

शेवटी यांनीच शाहूपुरीतल्या एका दुकानातून गाडीच्या बगलेवर लावायचा रुंद चंदेरी पट्टा आणला. लावायलाही माणूस बोलावला नाही. रविवारी सकाळी गाडी सावलीत घेतली, दार धुऊन कोरडं केलं. शांपूचं पाणी शिंपडलं, पट्ट्याचा मागचा कागद मी धरून हळूहळू सोडवत गेले आणि हे पुढून पट्टा बसवत गेले. मग पट्टीला सुती कापड गुंडाळून मधून कडेला पाणी काढायचं. बाकी सगळीकडं पट्टा काचेसारखा बसला. हातांच्या जागी मात्र फुगे यायला लागले. सुईनं टोचले, शेजारणीचा केस वाळवायचा ड्रायर आणून गरम हवा दिली, बोटानं दाबून धरलं. फुगे जायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा यायचे.

"जुना गोंद राहिला असंल खाली," हे म्हणाले. पण त्यांचा आवाज काही मला पटला नाही.

दुपारी ऊन तिरकं झालं आणि पट्ट्याखाली दहा बोटं उमटलेली स्पष्ट दिसली. एखादं मूल चादरीआडून हात लावून उभं असावं तशी.

त्यानंतरच्या पौर्णिमेला आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. दर्शन झालं, बासुंदी घेतली. गाडीत बसताना मी म्हणाले, "कुरुंदवाड इथून जवळच ना?"

यांनी माझ्याकडं बघितलं आणि गाडी तिकडं वळवली.

घर यांच्या लक्षात होतं. कडी वाजवली, तर दार एका मुलीनं उघडलं. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, पाचवी-सहावीतली असावी. दार धरलेल्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती.

इतके महिने मी जिला मेलेली समजत होते, ती माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, "कोण पायजे?"

तिची आई मागून आली. यांना बघून तिनं ओळखलं नाही. गाडी तिच्या दिरानं विकली होती. पण मुलीनं रस्त्यावरची व्हॅन बघितली आणि ती चप्पल न घालताच धावली. दारापाशी जाऊन थांबली. "हात कुठं गेलं?"

"आहेत. खाली आहेत," हे म्हणाले.

उन्हानं पट्टा मऊ झालाच होता. यांनी टोकाला नख घातलं आणि तेवढा भाग सोलून काढला. लाल हात बाहेर आले. मुलीनं आपले दोन्ही तळहात त्यांच्यावर ठेवले, तर ते पार झाकून गेले.

"माझी करंगळी सापडलीती ह्या दारात," ती यांना सांगायला लागली. "मग पप्पांनी कागदावर माझं हात काढलं आन् स्टिकर लावलं. दार लावायचं तर हितंच हात ठिवून ढकलायचं, कडंला बोटं न्यायची न्हाईत. काढताना मी हललो की वरडायचे."

मी मागं वळून तिच्या आईकडं बघितलं. ती उंबऱ्यातच होती.

"मी काय तिकडं येत न्हाय, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "हिचे पप्पा ह्याच गाडीतनं शाळंतनं आणत हुते हिला. ही मागं बसल्याली. छातीत कळ आली तशी त्यांनी गाडी कडंला घेतली, हँडब्रेक वढला आन् मान पुढं टाकली. हिला वाटलं, पप्पा झोपलं. गप बसून राह्यली. माणसं काच वाजवाय लागली तरी दार उघडंना. पप्पांनी सांगितल्याबिगर दाराला हात लावायचा न्हाय, म्हणत हुती."

मी तिचा हात धरला. तिनं थोडा वेळ धरू दिला, मग चहा टाकते म्हणून आत गेली.

निघताना यांनी विचारलं, "ताई, ते हात राहू देऊ का झाकू?"

"तुमची गाडी हाय आता, पावणं," ती म्हणाली.

मुलीनं आमचं दार ढकलून लावलं. या वेळी ते कुठंच अडखळलं नाही.

घरी पोहोचल्यावर यांनी उरलेला पट्टाही काढून टाकला आणि त्या दाराला पुन्हा कधी काही लावलं नाही. गाडी आमच्याकडं बरीच वर्षं होती. मुलीची भीती माझ्या मनातून त्याच दिवशी गेली. मी त्याच हातांवर हात ठेवून दार उघडायची, लावायची, आणि मला फक्त कागदावर हात दाबून धरणारा, हलू नको म्हणून ओरडणारा एक माणूस दिसायचा.

भीती गेली ती तिथून उठून दुसरीकडं जाऊन बसली. रस्त्याच्या कडेला गाडी थांबते, हँडब्रेक ओढल्याचा आवाज येतो आणि मी पटकन यांच्या मानेकडं बघते. आता गाडीही दुसरी आहे. हे हसून विचारतात, "काय बघतेस?" मी म्हणते, काही नाही.